माझ्या पाठीवरचे आकडे

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे, गुरं मोजायची. गोठ्याच्या दारामागे खिळ्याला अडकवलेली दिसते ना, तीच. वारा आला की मी गोल गोल फिरते, आणि वारा नसला तरी माझी चुळबुळ चालूच असते. मला स्वस्थ बसणं जमत नाही. त्यात माझा दोष अर्धाच आहे. ज्यांनी मला बनवलं त्यांनी माझ्या डबीत स्प्रिंग घातली, आणि पोटात स्प्रिंग असलेल्याने शांत कसं बसावं? बाकीची अर्धी चुळबुळ मात्र माझी स्वतःची. ती कुठून आली तेच आज सांगायचं आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे पिवळ्या पट्टीची भेंडोळी यंत्रावर चढायची. एका यंत्रातून पट्टी गेली की तिच्या एका अंगावर किलो छापले जायचे. मग ती उलटी होऊन दुसऱ्या यंत्रात जायची आणि पाठीवर सेंटीमीटर उमटायचे. म्हणजे मला दोन अंगं आहेत. वासराच्या छातीभोवती मला गुंडाळलं की पुढच्या अंगावर त्याचं अंदाजे वजन वाचता येतं. तराजू नको, काटा नको. कारखान्यात तपासनीस बाई होत्या. त्यांनी मला दोनदा ओढलं, दोनदा सोडलं, दोन्ही अंगं डोळ्यांजवळ धरून पाहिली आणि म्हणाल्या, "ही चांगली निघाली." पाठ तपासणाऱ्या त्या पहिल्या. दुसऱ्या कुणीतरी माझी पाठ पाहायला पुढे कितीतरी वर्षं जायची होती.

तिथून मी गुरांच्या औषधांच्या दुकानात आले. काउंटरखालच्या खणात, कान टोचायच्या चिमट्याशेजारी, मी एक अख्खा उन्हाळा काढला. खण उघडला की मी पुढे सरकायची. एक दिवस एका रुंद, कोरड्या हाताने मला उचललं. अंगठ्याने बटण दाबलं, मी सर्रकन आत गेले. पुन्हा ओढलं, पुन्हा गेले. "हिच्यात जीव आहे," ती बाई दुकानदाराला म्हणाली आणि मला खिशात टाकून निघाली.

तीच माझी थोरली. घरात दोन जावा, म्हणून ही थोरली आणि दुसरी धाकटी. पण धाकटी तेव्हा अजून या घरात यायची होती. थोरलीच्या गोठ्यात बारा दुभत्या गायी आणि कुंपणापलीकडे सहा-सात कालवडी. नवरा आणि दीर दुधाची गाडी घेऊन पहाटे जायचे ते दुपारी परतायचे, त्यामुळे गोठ्यात राज्य हिचंच. दर रविवारी सकाळी धारा आटोपल्या की ती माझी डबी घेऊन कालवडींत शिरायची. पुढच्या पायांच्या अगदी मागे, छातीभोवती मला फिरवायची, दोन बोटं आत घालून ताण बघायची आणि आकडा मोठ्याने वाचायची. मग गोठ्याच्या आतल्या भिंतीवर रंगवलेल्या काळ्या फळ्यावर खडूने नावापुढे तो आकडा लिहायची. कालवडींना माझ्या गुदगुल्या व्हायच्या. एकीने तर मला चावलंही. साठाच्या आकड्याजवळ तिच्या दातांची खूण अजून आहे, बघा हवं तर.

त्या काळात गोठ्यामागे लसूणघासाचा हिरवागार तुकडा होता. थोरली रोज विळा घेऊन तो कापायची आणि कालवडींपुढे टाकायची. त्या कालवडी उंच, लांब पायांच्या, जरा बारीकच असायच्या. कुंपणाच्या वरच्या आडव्या लाकडावर मान टाकून उभ्या राहायच्या. एकीने तर ते लाकूड ओलांडून उडीच मारली होती. मग थोरलीने चडफडत ते लाकूड वीतभर वर ठोकून घेतलं. ते वर ठोकलेलं लाकूड लक्षात ठेवा, मित्रांनो. मी मात्र तेव्हा त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझं लक्ष फक्त छातीवर.

पुढे थोरलीचा गुडघा धरला. लसूणघास रोज कापावा लागतो, रोज वाकावं लागतं. वर्षभर तिने ओठ आवळून वाकून पाहिलं. मग एक दिवस तिने तो तुकडा नांगरून टाकला आणि तिथे मका लावला. मका एकदाच कापायचा, बारीक कुट्टी करायची, खड्ड्यात तुडवून वरून कागद घालायचा, की झाला मुरघास. वर्षभर फावड्याने काढून घाला. तिचा गुडघा सुटला. कालवडींनाही तो आंबूस वासाचा मुरघास इतका आवडला की त्या गव्हाणीत तोंड खुपसून बसायच्या. वर मक्याचा भरडाही मिळायचा. पेंड मात्र फक्त दुभत्या गायींना. "पेंड दूध देणाऱ्यांची," थोरली म्हणायची. "या पोरींना आत्तापासून पेंडीचे लाड कशाला?"

आणि माझे आकडे काय चढू लागले म्हणता! मी रविवारची वाट पाहत खिशात वळवळायची. मागच्यापेक्षा सात किलो जास्त, पुढच्या वेळी नऊ. कालवडी गोल दिसायला लागल्या, अंगावर चकाकी आली. त्यांतली सगळ्यात गुबगुबीत होती मैना. त्या वर्षी वासरांचं प्रदर्शन भरलं. तिथले परीक्षक हातात टेपच घेऊन आले होते, पण त्यांची टेप नेमकी अडकली आणि थोरलीने मला पुढे केलं. शेकडो डोळ्यांसमोर मी मैनेच्या छातीभोवती फिरले. तिच्या वयाच्या एकाही वासराचा आकडा माझ्या जवळपास फिरकला नाही. मैनेला लाल फीत मिळाली. थोरलीने परत येताना मला खिशातून काढून पदराने पुसलं. खरं सांगते, त्या दिवशी मला आभाळ ठेंगणं झालं होतं. ती फीत जणू मलाच मिळाली असं समजून मी कितीतरी दिवस मिरवत होते.

काही महिन्यांनी मैना माजावर आली. थोरलीने मला फिरवलं. आकडा तीनशे. "तीनशे झाले की भरवायची, गाभण करायची," असा तिचा हिशोब होता, आणि तो हिशोब सगळेच धरायचे. डॉक्टरांना बोलावणं गेलं, त्यांनी आकडा विचारला, मान हलवली आणि कृत्रिम रेतन केलं. मैना गाभण राहिली.

ती ज्या दिवशी विणार होती त्या दिवशी भर दुपारी मी थोरलीच्या खिशात होते. म्हणून मला सगळं ऐकू आलं. वासरू अडकलं होतं. डॉक्टरांनी दोर लावला, थोरलीच्या नवऱ्याने ओढलं, दिराने ओढलं. थोरली मैनेचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि सारखी म्हणत होती, "जमेल गं, जमेल." जमलं नाही. वासरू गेलं आणि संध्याकाळच्या आत मैनाही गेली. डॉक्टर हात धूत म्हणाले, "वासरू मोठं होतं." सगळ्यांनी तेच मानलं. थोरलीने फळ्यावरचं मैनेचं नाव मात्र पुसलं नाही. नावापुढे तीनशे तसाच राहिला.

तेव्हापासून माझी चुळबुळ निराळी झाली. मला कळत नव्हतं की नेमकं काय चुकलं. मी तर बरोबरच मोजलं होतं. पण ज्याने बरोबर मोजलं त्याला रात्रंदिवस असं टोचत का राहावं? मी उगाच बटण न दाबता आत जायची, मध्येच अडकायची. थोरली वैतागून म्हणायची, "हिला काय झालंय कोण जाणे."

दुसऱ्या वर्षी धाकटी लग्न होऊन आली. ती शिंप्याची मुलगी. तिच्या वडिलांचं दुकान होतं आणि लहानपणापासून तिच्या गळ्यात कापडी टेप असायची. गोठ्यातल्या कामाचा तिला गंध नव्हता. पहिल्या दिवशी ती धार काढायला बसली आणि गायीने तिला बादलीसकट बाजूला सारलं. थोरली हसून हसून बेजार झाली. पण पहिल्या रविवारी थोरली मला घेऊन कालवडीभोवती वाकली तेव्हा धाकटीने विचारलं,

"जाऊबाई, नुसती छातीच मोजता?"

"मग काय मोजायचं? गळा, बाही?"

"हो, आमच्याकडे उंची आधी. नुसत्या छातीवर सदरा शिवला तर गिऱ्हाईक दुकानात येऊन भांडतं."

"इथे सदरा शिवायचा नाही, दूध काढायचं आहे," थोरली म्हणाली. दोघीही हसल्या आणि विषय संपला. माझ्यासाठी मात्र तो संपला नाही. ती बोलत होती तेव्हा तिचा अंगठा माझ्या पाठीवर होता, सेंटीमीटरवर.

त्या वेळी कळपात गोटी होती. नावाप्रमाणेच गोल. मैनेनंतरची थोरलीची सगळ्यात लाडकी, आणि मैनेसारखीच मुरघासावर आणि भरड्यावर वाढलेली. धाकटीचीही ती लगेच लाडकी झाली, कारण गोटी तिचा पदर चघळायची आणि ती काही बोलायची नाही. एक दिवस सकाळी गोटी माजावर आली. थोरलीने मला फिरवलं. तीनशे चार.

"डॉक्टरांना फोन कर," थोरली म्हणाली. "आजच भरवून घेऊ."

मित्रांनो, त्या क्षणी मी काय करू आणि काय नको असं मला झालं होतं. माझ्या कडांना तीच मऊ, जाड चरबी लागत होती जी मैनेच्या छातीला लागली होती. मी आकडा दाखवला तो खोटा नव्हता. पण तो हाडाचा किती आणि चरबीचा किती, हे माझ्या पुढच्या अंगावर कुठे छापलेलं नाही. मला बोलता येत नाही. मला फक्त आत जाता येतं आणि बाहेर येता येतं. म्हणून मी आत गेलेच नाही. बटण दाबलं, स्प्रिंग कुरकुरली आणि मी लोंबत राहिले. मी मुद्दाम अडले की स्प्रिंग खरंच थकली होती, हे मलाही आता सांगता यायचं नाही.

थोरलीने दोनदा बटण दाबलं आणि कंटाळून मला धाकटीच्या हातात दिलं. "बघ जरा, तुझ्या जातीची आहे," असं म्हणून ती गरम पाणी आणायला गेली. धाकटीने मला सरळ करायला ओढलं आणि मी तिच्या हातात उलटी झाले. पिवळ्या पाठीवर स्वच्छ सेंटीमीटर, एकदाही न वापरलेले. ती माझ्याकडे पाहत राहिली, मग गोटीकडे आणि मग कुंपणाच्या वरच्या लाकडाकडे. गोटीची पाठ मधल्या लाकडाच्या थोडीच वर होती.

डॉक्टर गाडीतून उतरून रबरी बूट चढवत होते. तोवर धाकटीने झाडूचा दांडा गोटीच्या खांद्यावर आडवा धरला, दांड्याच्या टोकापासून मला सरळ खाली सोडलं आणि पायाने माझं टोक जमिनीला दाबून ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी उभी राहिले. एकशे तेरा.

"डॉक्टर, या वयाची कालवड किती उंच असावी?" तिने विचारलं.

"भरवायच्या वेळी खांद्याला सव्वाशेच्या आसपास," डॉक्टर बूट ओढत म्हणाले. "का?"

"ही एकशे तेरा आहे."

डॉक्टर एक पाय बुटात आणि एक पाय बाहेर असे थांबले. मग तसेच लंगडत आले. त्यांनी स्वतः दांडा धरला, स्वतः वाचलं. गोटीच्या शेपटीच्या मुळाशी हात घालून चिमटीत चरबी धरून पाहिली, कमरेच्या दोन हाडांमध्ये पंजा ठेवला. पाणी घेऊन थोरली दारात आली तेव्हा ते म्हणाले, "हिला आज भरवायची नाही."

"का? तीनशेच्या वर आहे," थोरली म्हणाली. "आपल्याच टेपने मोजलीय."

"टेप बरोबर आहे. पण हे वजन चरबीचं आहे. मक्याच्या मुरघासाने आणि भरड्याने पोट भरतं आणि चरबी चढते. हाड लांब व्हायला आणि मांस धरायला प्रथिनं लागतात, ती त्यात फार कमी. लसूणघासात असतात, पेंडीत असतात. या वयात ती मिळाली नाहीत तर जनावर आडवं वाढतं, उभं वाढत नाही. कमरेतली वासराची वाट अरुंद राहते. शिवाय कासेतही चरबी भरते आणि पुढे दूध कमी पडतं."

"म्हणजे अस्तर भरपूर घातलं आणि कापडच कमी पडलं," धाकटी हळूच म्हणाली.

थोरलीने पाण्याची बादली खाली ठेवली. मग भिंतीवरच्या फळ्याकडे न बघता तिने विचारलं, "डॉक्टर, मैनेची उंची किती होती?"

डॉक्टरांनी टोपी काढली. "मोजली नव्हती," ते म्हणाले. "मीही टेपचा आकडाच विचारला होता."

थोरली कुंपणाच्या खालच्या लाकडावर बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने ते पुसलं नाही. धाकटी तिच्याजवळ जाऊन उभी राहिली, माझं एक टोक अजून तिच्या पायाखालीच होतं. "पेंडीचे लाड नकोत, असं मीच म्हणायचे," थोरली म्हणाली. "गुडघा माझा दुखत होता आणि वाढ तिची खुंटली."

"तुम्हाला कुठे माहीत होतं, जाऊबाई?"

"टेपला दोन बाजू आहेत हे तरी माहीत होतं," थोरली म्हणाली.

त्या आठवड्यापासून गोठा बदलला. मक्याच्या निम्म्या तुकड्यात पुन्हा लसूणघास लावला आणि तो कापायचं काम धाकटीने उचललं. शिंप्याच्या मुलीच्या हातात विळा पाहून तिच्या नवऱ्याला हसू आवरत नव्हतं, पण महिन्याभरात ती थोरलीपेक्षा सरळ रेघेत कापू लागली. मुरघास बंद झाला नाही, कमी झाला. भरडा मूठभर राहिला आणि कालवडींच्या गव्हाणीत पहिल्यांदा पेंड पडली.

माझी मात्र पंचाईत झाली. पहिला महिनाभर गोटीचा आकडा तीनशे चारावरून हलेना. ज्या आकड्यावर मी मिरवले तोच गप्प बसला. शेजारच्या गोठ्यातली बाई कुंपणावरून म्हणालीसुद्धा, "गोटी वाळली का हो?" थोरलीने ते ऐकून घेतलं. पण मला पलटवलं की पाठीवर मात्र हालचाल दिसायची. एकशे चौदा. पंधरा. तीन महिन्यांनी एकशे अठरा. डॉक्टरांनी पाच माज जाऊ दिले. तोवर गोटी एकशे वीसवर आली आणि तिथे थांबली. सव्वाशे ती कधीच झाली नाही. कोवळ्या वयात गमावलेली उंची सगळी परत मिळत नाही, हे मला तिच्याकडून कळलं. पण तिची कंबर रुंदावली होती. लहान वासरं देणाऱ्या वळूचं रेतन करून डॉक्टरांनी तिला भरवली, आणि मग नऊ महिने मी खिळ्यावर झुरत राहिले.

ती व्यायली ती सकाळी. थोरली पुन्हा डोकं मांडीवर घेऊन बसली होती. या वेळी ती "जमेल" असं एकदाही म्हणाली नाही, नुसती गोटीच्या कानामागे खाजवत राहिली. धाकटीने दोर हाताशी ठेवला होता, पण तो लागला नाही. वासरू बाहेर आलं, शिंकलं आणि मान हलवू लागलं. मादी होती. थोरलीने तिला गवताने पुसून कोरडं केलं. दुसऱ्या दिवशी ते पिल्लू चारही पायांवर नीट उभं राहिलं, तेव्हा थोरली म्हणाली, "टेप आण गं. पाठीची बाजू आधी."

आता माझी स्प्रिंग पार गेली आहे. मी आत जातच नाही, म्हणून दोन्ही अंगांनी उघडी लोंबते. बाजारात नवीन टेपा आल्या आहेत, पण जावा मलाच वापरतात. थोरलीचा गुडघा वाकत नाही, म्हणून धाकटी खाली बसून माझं टोक जमिनीला धरते आणि थोरली वरून वाचते. मग मला उलटून छातीभोवती घेतात. फळ्यावर आता प्रत्येक नावापुढे दोन रकाने आहेत. आजकालच्या कालवडी पुन्हा वरच्या लाकडावर मान टाकतात. प्रदर्शनात त्यांना फीत मिळत नाही आणि त्याचं कुणाला वाईटही वाटत नाही.

मित्रांनो, तुमच्या दारात एखादं वासरू वाढत असेल तर ते किती गोल झालं एवढंच पाहू नका, ते किती उभं राहिलं तेही पाहा. त्याच्या गव्हाणीत पोट भरणारं घाला आणि हाड वाढवणारंही घाला. आणि माझ्यासारखी टेप हातात आली तर तिला एकदा उलटवा. आम्हाला स्वतःहून पाठ फिरवता येत नाही.

फळ्याच्या सगळ्यात वर अजून मैनेचं नाव आहे. पहिल्या रकान्यात तीनशे. दुसरा रकाना आखताना थोरलीने तिच्यापुढेही रेघ ओढली, खडू टेकवला, जरा वेळ थांबली आणि तसाच उचलला. ती जागा रिकामी आहे. मी समोरच्या खिळ्यावर असते. वारा आला की माझं तोंड तिकडे होतं, आणि मी पुन्हा चुळबुळायला लागते.